आत्यांचं हाड झिजलं, की काटा बदलला?

पलूस तालुक्यातल्या एका वाचक सुनेचं पत्र आलंय. लांब आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते.

“ताई, माझ्या आत्या (सासूबाई) 68 वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. पुढं पुण्याला नणंदेकडे असताना त्यांची डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते मोजायची एक्स-रे तपासणी) केली. कंबरेच्या मणक्यांचा आकडा आला 0.890, टी-स्कोर उणे 2.4. तेव्हापासून हाडांची आठवड्याची गोळी चालू आहे. आता तीन वर्षांनी मिरजेत डेक्सा केली तर आकडा 0.790, टी-स्कोर उणे 2.3. माझ्या भावजींनी मोबाईलवर वजाबाकी केली आणि म्हणाले, ‘तीन वर्षांत 11 टक्के हाड गेलं, गोळीचा काही उपयोग नाही, बंद करा.’ दोन आठवडे गोळी बंद आहे. त्यातच एसटी स्टँडजवळ फुकट कॅम्प होता, तिथं टाचेवर मशीन लावून उणे 3.1 सांगितलं. मिरजेत म्हणाले, आमचं मशीन नव्या पिढीचं आहे. मग पुण्याचं चुकीचं होतं का? परत पुण्यालाच न्यावं का? तिथंही आता मशीन बदललंय म्हणे. आणि सारखे सारखे किरण अंगावर घेतले तर चालतात का? दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवले आहेत.”

रिपोर्टचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. सगळं उत्तर त्या कागदांच्या वरच्या कोपऱ्यात आहे. तुमच्या भावजींनी मधला आकडा वाचला, कोपरा वाचला नाही. पुण्याच्या कागदावर लुनार छापलंय, मिरजेच्या कागदावर होलॉजिक. ही दोन वेगळ्या कंपन्यांची मशीन आहेत, आणि त्यांचे आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात.

पण आधी एक. गोळी बंद करायचा निर्णय भावजींचा नाही. दोन आठवड्यांनी मोठं नुकसान झालेलं नाही, कारण ही गोळी हाडात मुरून बसते आणि बराच काळ तिथं राहते. आत्यांना दर सहा महिन्यांनी घ्यायचं ते डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असतं आणि ते असं परस्पर थांबवलं असतं, तर मी हे उत्तर लिहीत बसले नसते, फोन करून ओरडले असते. ते इंजेक्शन मध्येच सोडलं की हाड भराभर उतरतं आणि मणके दबू शकतात. तुमचं प्रकरण तसं नाही. तरी याच आठवड्यात दोन्ही कागद घेऊन ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांच्याकडे जा.

आता आकड्यांचं.

तुमच्या घरी ऊस आहे, म्हणजे काट्याचं राजकारण मी तुम्हाला काय सांगणार! गाडी भरून गावच्या काट्यावर नेली, पुढं कारखान्याच्या काट्यावर नेली, आणि दोन वजनांत फरक आला, तर ऊस वाटेत सांडला असं कोणी म्हणतं का? काटे वेगळे आहेत म्हणतात. कारखान्यावर भरलेली गाडी ज्या काट्यावर चढते, रिकामी गाडीही त्याच काट्यावर चढवतात. का? तर काटा दोन्ही वेळा सारखाच जड किंवा हलका दाखवत असेल, तर वजाबाकीत तो दोष निघून जातो. भरलेली इथं आणि रिकामी तिथं मोजली, तर उसाचं वजन देवालाच माहीत. भावजींनी नेमकं हेच केलं. भरलेली गाडी पुण्याला मोजली, रिकामी मिरजेला.

हा फरक किती असतो तेही ठाऊक आहे. कंबरेच्या मणक्यात लुनारचा आकडा होलॉजिकपेक्षा साधारण 13 टक्के जास्त येतो. हाड तेच, बाई तीच, दिवस तोच, तरीही. 1994 साली दोन्ही कंपन्यांचे आकडे एका समान मापात आणायची सूत्रं तयार झाली. मणक्यासाठी लुनारच्या आकड्याला 952.2 ने गुणायचं, होलॉजिकच्या आकड्याला 1075.5 ने. करून बघा. पुण्याचे 0.890 होतात 847. मिरजेचे 0.790 होतात 850. म्हणजे ज्याला 11 टक्के झीज म्हणून घरात रडारड झाली, तिथं जवळपास काहीच हललेलं नाही.

थांबा, लगेच पेढे वाटू नका. ही सूत्रं पुष्कळ माणसांच्या सरासरीसाठी आहेत. एका माणसाला लावली तर काही टक्क्यांची चूक राहतेच. म्हणून ‘847 वरून 850 झालं, गोळीनं हाड वाढलं’ असंही म्हणता येणार नाही. इतकंच म्हणता येतं की हे दोन कागद 11 टक्क्यांच्या झिजेचा पुरावा नाहीत. टी-स्कोरकडे बघितलं असतं तर भावजींनाही शंका आली असती. उणे 2.4 आणि उणे 2.3, म्हणजे जवळपास तिथल्या तिथं. टी-स्कोर म्हणजे तरुण बायकांच्या सरासरीपासून आपण किती खाली आहोत ते, आणि मणक्यासाठी ती सरासरी प्रत्येक कंपनीनं आपापल्या मशीनच्या मापात धरलेली असते. त्यामुळे कंपनीचा फरक त्यात बराचसा जिरतो. सगळा मात्र जिरत नाही, म्हणून दोन कंपन्यांचे टी-स्कोर लावूनही प्रगतीपुस्तक बनवू नये.

मग पुण्याचं मशीन चुकीचं होतं का? नाही. मिरजेचंही नाही. दोघंही हाडातलं खनिज मोजतात, वाट वेगळी आहे. थोडं खोलात जाते, कारण ‘नवी पिढी’ हा शब्द तुम्हाला पुढंही कोणीतरी ऐकवणारच आहे.

हाड मोजायची ही कल्पना 1963 ची. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनचा बारीक झोत हाताच्या हाडातून सोडला आणि पलीकडे किती पोचतो ते मोजलं. जेवढं हाड भरीव तेवढा झोत कमी पोचणार, इतकं सोपं. पण त्यात एकच शक्तीचा झोत होता, त्यामुळे भोवतीचं मांस किती आणि हाड किती हे वेगळं काढता येत नसे. मनगटाला जमलं, कंबर आणि खुब्याला नाही. पुढच्या पिढीनं दोन शक्तींचे झोत वापरले. मांस आणि हाड त्या दोन झोतांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, म्हणजे दोन समीकरणं मिळतात आणि दोन अज्ञातं सुटतात. त्यासाठी गॅडोलिनियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरत. त्याची ताकद साधारण आठ महिन्यांत निम्मी होते. म्हणजे मशीन जागेवरच उभं, पण त्याचं पोट दर महिन्याला खंगत चाललेलं. नवा साठा भरला की आकडे पुन्हा हलायचे. एकेका तपासणीला वीस ते चाळीस मिनिटं बाई निपचित पडून.

1987 साली होलॉजिकनं किरणोत्सारी पदार्थ काढून एक्स-रे नळी बसवलेलं मशीन बाजारात आणलं, पाठोपाठ लुनारचं आलं. हीच डेक्सा. आणि फाटा इथंच फुटला. होलॉजिकनं नळीतला विजेचा दाब क्षणाक्षणाला खालीवर करून दोन शक्तींचे किरण काढले. लुनारनं दाब एकच ठेवला आणि समोर सेरियम धातूचा पडदा लावून किरणांचे दोन गट पाडले. हाडाची कड कुठं धरायची याचं गणितही प्रत्येकाचं वेगळं. आता आकडा म्हणजे काय, तर हाडातलं खनिज भागिले हाडाच्या सावलीचं क्षेत्रफळ. बांध जरा आत घातला किंवा बाहेर घातला तर गुंठे बदलतात, आणि गुंठ्यामागं उतारा बदलतो. शेत तेच असतं.

सुरुवातीच्या डेक्सा मशीनचा झोत पेन्सिलीसारखा एकच होता. तो नांगरासारखा एक ओळ घालायचा, वळायचा, दुसरी ओळ घालायचा. एका जागेला पाच-दहा मिनिटं जायची. नंतरच्या पिढीत झोत पंख्यासारखा पसरवला, पलीकडे मोजणाऱ्या डोळ्यांची ओळ लावली, म्हणजे पाभरीनं एकदम चार ओळी पेराव्यात तसं. आता मिनिटभरात काम उरकतं, चित्रही स्वच्छ. चांगल्या मशीनवर मणक्यांचं आडव्या बाजूनं चित्र काढून एखादा मणका नकळत दबलाय का तेही बघता येतं, आणि आत्यांच्या वयाला मी तर ते मागूनच घेईन. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत फरक कमी असतो, पण तो शून्य धरायचा नसतो.

या सगळ्याच्या पुढं आणखी एक पिढी आहे. मनगट आणि पायाच्या हाडाचं त्रिमितीत चित्र काढणारी, हाडाच्या आतली जाळी दाखवणारी. तिच्या पहिल्या मशीनचा एक ठिपका 82 मायक्रोमीटरचा होता, दुसऱ्या पिढीत तो 61 वर आला. बघायला फार सुंदर चित्र असतं. पण ते संशोधनाचं हत्यार आहे, गोळी चालू ठेवायची की नाही हे ठरवायला आत्यांना त्याची गरज नाही.

तेव्हा मिरजेच्या सेंटरवाले खोटं बोलले नाहीत. नवं मशीन चांगलं असू शकतं. चांगलं असणं आणि जुन्याशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपोआप होत नाही, करावी लागते. मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. दोन उत्तम तंबोरे शेजारी ठेवले म्हणून ते एका सुरात लागत नाहीत, कोणीतरी बसून खुंट्या पिळाव्या लागतात.

ही खुंटी पिळायची रीत ठरलेली आहे. इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री या संस्थेचा नियम असा, की सेंटरनं दुसऱ्या कंपनीचं मशीन आणलं तर 30 माणसं जुन्यावर एकदा आणि नव्यावर दोनदा मोजायची, तीही 60 दिवसांच्या आत. त्यावरून दोन मशीनमधला हिशोब बांधायचा. याला क्रॉस कॅलिब्रेशन म्हणतात. आणि जिथं ते झालेलं नाही, तिथले जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत, असंही ती संस्था स्पष्ट म्हणते.

मी आयुष्यभर एक्स-रेच्या खोल्यांतच काम केलं. एका ठिकाणी, नाव कशाला घ्यायचं, जुनं मशीन शनिवारी उचललं आणि सोमवारी नवं चालू. दोन महिने शेजारी ठेवायला जागा कुठाय म्हणाले. पुढं वर्षभर बायका कागद घेऊन येत होत्या, ‘माझं हाड एवढं कसं खाली आलं हो?’ एका निवृत्त शिक्षिकेनं तर घाबरून देवळाच्या पायऱ्या चढायचं सोडलं. चालणं सुटलं, पायातली ताकद गेली. त्या मशीननं तिच्या हाडाला काही केलं नव्हतं, कागदानं केलं. मी तेव्हा बोलले, पण पुरेसं मोठ्यानं बोलले नाही. ते अजून लागतं.

म्हणून पुण्याला परत न्यावं का, याचं उत्तर देण्याआधी नणंदेला एक फोन करायला सांगा. सेंटरला दोनच गोष्टी विचारायच्या. नवं मशीन कोणत्या कंपनीचं आहे, आणि बदलताना क्रॉस कॅलिब्रेशन केलं होतं का? ‘हो’ म्हणाले आणि डॉक्टरांना जुन्याशी तुलना हवीच असेल, तर पुण्याची फेरी कामाची. गोंधळले किंवा ‘सगळं सेमच असतं’ म्हणाले, तर जाऊ नका. गाडीभाडं आणि आत्यांची कंबर दोन्ही वाचेल. माझं मत विचाराल तर जाऊच नका. मिरजेचा कागद हा नवा पहिला कागद धरा, आणि इथून पुढं त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, जमल्यास त्याच तंत्रज्ञाकडून.

तंत्रज्ञाचं उगाच म्हणत नाही. मणक्यासाठी पाय ठोकळ्यावर नीट उचलले पाहिजेत, खुब्यासाठी पाऊल आत वळवून बांधलं पाहिजे. पाऊल सैल सुटलं तर खुब्याचा आकडा बदलतो, हाड न बदलता. आणि आत्या नऊवारी नेसत असतील तर त्या दिवशी सरळ गाऊन मागा. जरीचा काठ, सेफ्टी पिना, कमरेचा हुक, सगळं चित्रात येतं. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवशी घेऊ नये. न विरघळलेली गोळी पोटात मणक्यासमोर दिसते आणि मशीन तिला हाडात धरून मोजतं. मी पाहिलंय, टपोरी गोल, खडूच्या तुकड्यासारखी.

तरीही एकाच मशीनवर, एकाच हातानं, तोच माणूस दोनदा मोजला तर आकडा तंतोतंत येत नाही. किती फरक आला तर तो खरा मानायचा, याचा आकडा प्रत्येक सेंटरनं आपल्या पेशंटवर मोजून काढायचा असतो. त्याला एलएससी म्हणतात. मणक्यासाठी तो 5.3 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, खुब्याच्या एकूण आकड्यासाठी 5 टक्क्यांपेक्षा. म्हणजे पुढच्या वेळी मिरजेतच 0.790 चे 0.770 झाले, तर भावजींना मोबाईल खाली ठेवायला सांगा. तो फरक त्या हद्दीच्या आत आहे. सेंटरला ‘तुमचा एलएससी किती?’ असं खुशाल विचारा. चांगलं सेंटर सांगतं.

दोन्ही कागदांवर खुब्याचे आकडेही आहेत, तुम्ही पत्रात ते लिहिलेच नाहीत. पासष्टीनंतर मणक्यांना कडेनं हाडं फुटतात, समोरच्या मोठ्या रक्तवाहिनीत चुना साठतो, आणि हे सगळं मशीन मणक्याच्या खात्यात जमा करतं. मणका कागदावर उगाच तगडा दिसतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा खुब्याची ओळ बोट ठेवून दाखवा.

किरणांचं म्हणाल तर ती भीती सोडा. डेक्साच्या एका तपासणीत थोडेच मायक्रोसिव्हर्ट (अंगावर पडणारे किरण मोजायचं माप) मिळतात. जमिनीतून आणि आकाशातून माणसाला रोज सहा-सात मायक्रोसिव्हर्ट तसेही मिळत असतात. वर्षा-दोन वर्षांतून एकदा तपासणी करायला काही हरकत नाही. दर तीन महिन्यांनी करू नका, पण ते किरणांसाठी नव्हे, इतक्यात हाड मोजण्याजोगं बदलतच नाही म्हणून.

कॅम्पचं मशीन वेगळ्याच जातीचं. टाचेतून आवाजाच्या लहरी सोडतात आणि त्या किती वेगानं आणि किती मऊ होऊन पलीकडे निघतात ते बघतात. त्यातून मोडण्याच्या धोक्याचा काही अंदाज मिळतो, ते अगदीच थोतांड नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली उणे 2.5 ची जी रेघ आखली, ती डेक्साच्या मोजणीसाठी. टाचेच्या उणे 3.1 ला ती लावता येत नाही आणि गोळी लागू पडली का हे तर त्यावरून कळतच नाही. बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावर कॅल्शियमचे डबे मांडलेले असतात. तुमच्याकडे होते का? मला लिहा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. आत्यांचा टी-स्कोर उणे 2.5 च्या आतला असूनही पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी का दिली, असं भावजी पुढं म्हणतीलच. न्हाणीत उभ्या उभ्या घसरून मनगट मोडणं, हीच हाडानं दिलेली साक्ष आहे. डॉक्टर उपचार आकड्यावर करत नाहीत, पुढचं हाड मोडू नये म्हणून करतात.

आणि तीन वर्षं आठवड्याची गोळी घेऊनही हाड जिथल्या तिथं असेल, तर तेही वाईट नाही, वयानं उतरायचं ते थांबलं असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पण अशा गोळीनं मणक्याचं हाड पुष्कळदा थोडं वाढतं. म्हणून मी मशीनवर संशय घेण्याआधी चुलीकडे बघेन. आत्या ती गोळी कशाबरोबर घेतात? पहाटे उठल्या उठल्या चहाबरोबर? ही गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. नंतर निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही, आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. मुळातच ती आतड्यातून फार थोडी शोषली जाते. नुसत्या कॉफीबरोबर घेतली तरी त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं. आपल्या दुधाच्या चहात तर वर कॅल्शियम. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हा प्रश्न विचारायचे तेव्हा त्या सुनेकडे बघायच्या आणि सून छताकडे.

तर डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या: दोन्ही कागद, गोळीचं रिकामं पाकीट, आणि आत्यांच्या सकाळची खरी हकीकत. व्हिटॅमिन डी आणि किडनीची तपासणी करायची का ते त्यांना विचारा. मिरजेच्या कागदावर पेनानं लिहून ठेवा, ‘होलॉजिक, पहिली मोजणी’, आणि फाईलच्या सगळ्यात वर लावा. टाचेचा कागद फाईलला लावू नका. भावजींना दिलात तरी चालेल.